लोड जास्त आहे

चौकाच्या अलीकडेच सायकल बंद पडली, आणि संताजीरावांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "लोड जास्त आहे."

लोड म्हणजे त्यांची बायको, गोदावरीबाई. मागच्या कॅरियरवर, स्वतः शिवलेल्या गादीवर त्या बसल्या होत्या. त्या उतरल्या, पदर सावरला आणि दुखरे गुडघे सांभाळत म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या आपल्या घराकडे चालू लागल्या. संताजीराव मागून सायकल ढकलत निघाले. आपण काय बोलून बसलो हे त्यांना घर येईपर्यंत कळलं नाही, आणि घर आल्यावर कळून उपयोग नव्हता.

खरं तर हा सगळा खटाटोप बाईंसाठीच. त्यांची धाकटी बहीण सुमित्राबाई चामुंडीपुरमला अंथरुणाला खिळलेली. दर शुक्रवारी तिला भेटायचं, तर गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवेना. म्हणून संताजीरावांनी आपल्या जुन्या सायकलला मोटर बसवली, बॅटरी बसवली, उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर दिला. सदतीस वर्षं कारखान्यात मोटरी दुरुस्त केलेला माणूस, त्याला काय अवघड! एकटे बसले की सायकल अशी पळे की देवराज मोहल्ल्यातले शिंपी मशीन थांबवून बघत. बाई मागं बसल्या की शंभर पावलांत गप्प.

पुढचे आठ दिवस संशोधनात गेले. मीटर लावून बॅटरी बघितली, ठणठणीत. सगळे जोड उघडून पुन्हा सोल्डर केले. कंट्रोलर बदलला. चाक खोलून मोटरच्या तारा एकेक तपासल्या. फॉल्ट काही सापडला नाही, पण संताजीरावांचा आत्मविश्वासही हलला नाही. तो त्यांच्यात उपजतच होता.

इकडे बाईंनी भात सोडला. शुक्रवार आला तसा गेला. "बरं वाटेना गं," एवढंच त्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं. संताजीराव तेव्हा जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. पण माफी मागायची तर आधी फॉल्ट सापडायला हवा, असं त्यांचं तत्त्व. तत्त्वापायी हा माणूस उपाशी उठला.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी नागोजीराव आले. हे बाईंचे धाकटे भाऊ, वजन नव्वद किलो, पोट आधी दारात येणार आणि मग ते. सगळी हकीकत ऐकून म्हणाले, "अय्यो दाजी, अक्काला सुम्मने, उगाच कशाला बोल लावता? मला बसवा मागं. बघूया तरी."

बसवलं. कॅरियर करकरलं, टायर दबला, आणि सायकल जी निघाली ती चौक ओलांडून, वळसा घालून पुन्हा दारात. एकदाही अडली नाही.

दारात गोदावरीबाई उभ्या होत्या.

"म्हणजे मी नागोजीपेक्षा जड?"

संताजीरावांना वाटलं, या क्षणी वीज जाऊन सगळ्या म्हैसुरात अंधार होईल तर बरं. पण सकाळचे दहा वाजले होते, ऊन लख्ख होतं, आणि समोरच्या घरातले दोघे खिडकीत येऊन उभे राहिले होते.

"उतर रे नागोजी," म्हणत बाई मागं बसल्या. "चला. आज तुमचा फॉल्ट मीच काढते."

सायकल निघाली. नागोजीराव बाजूनं धापा टाकत पळत होते. समोरून एक ऑटो वळला, पुढं रस्त्यात खड्डा दिसला, आणि मोटर गप्प. संताजीराव तोंड उघडणार, एवढ्यात त्यांच्या खांद्यावरून बाईंचा हात पुढं आला आणि डाव्या मुठीपाशी थांबला.

"अहो, ब्रेक कशाला धरलाय?"

"कुठं धरलाय? सुम्मने काहीतरी..."

त्यांनी खाली बघितलं. दोन बोटं ब्रेकच्या दांडीवर होती. चाक थांबेल इतकी आवळलेली नव्हती, पण दांडी जराशी ओढलेली होती. त्या दांडीला एक बारीक वायर होती. दांडी हलली की मोटर बंद, म्हणजे अपघात नको. वायर संताजीरावांनीच जोडली होती, नकाशात बघून, अगदी चोख. बिचारी मोटर इतके दिवस सांगितलेलं काम इमानानं करत होती, आणि फॉल्ट सीटवर बसून मीटर लावत होता.

"मी बसलो तेव्हा ब्रेकवर नव्हती बोटं?" नागोजीरावांनी विचारलं.

"नाही. तुम्ही पडलात तर पडलात!"

बोलून गेल्यावर संताजीरावांना ते ऐकू आलं. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला रोषणाई दाखवायला नेताना त्यांनी बाईंना याच सायकलवरून पाडलं होतं. मनगट मोडलं होतं. गावभर मात्र त्यांनी सांगितलं होतं की हिनंच मधे उडी मारली. बाई ते केव्हाच विसरल्या होत्या. संताजीरावांची बोटं मात्र, त्या मागं बसल्या की पुन्हा पडतील या धास्तीनं, अजून आपसूक ब्रेकवर जायची.

"चुकलं माझं," ते हँडलकडे बघत म्हणाले. "लोडबीड काही नव्हता. मीच गाढव."

नागोजीरावांनी हात झटकले. "सोपं आहे दाजी. ती वायर कापून टाका. मग बोटं कुठंही ठेवा, सायकल पळते."

संताजीराव सायकल नागोजीरावांच्या हाती देऊन घरातून पक्कड आणायला वळलेच होते.

"खबरदार हात लावलात तर!" गोदावरीबाई कॅरियरवरून हलल्या नाहीत. "अडतीस वर्षांत या माणसानं तोंडानं एकदा सांगितलं नाही. वायर सांगतेय, तर सांगू दे."