पाळजागे

हिमांशू शिवणकरनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बाबूजी, एक बात बोलू? खुशीचं आडनाव तेच राहू द्या. मेरे को कोई दिक्कत नाही."

उदेभान खाटेवर बसला होता. सकाळीच नागऱ्याच्या महादेवाच्या देवळात त्यानं आपल्या विधवा सुनेचं या माणसाशी लग्न लावून दिलं होतं. मुलीच्या बापाच्या जागी तो स्वतःच उभा राहिला होता. आता सून दामिनी आणि तिची सहा वर्षांची पोर खुशी गोंदियाला, हिमांशूच्या घरी, निघाल्या होत्या. उद्या खुशीचं नाव तिथल्या शाळेत घालायचं होतं.

पिशवी भरता भरता दामिनीचे हात थांबले. उदेभानची बायको धनवंता मात्र रांधणीच्या दारातून लगेच म्हणाली, "पाहा, त्याले समजते. आपला पिंटू तं गेला. त्याचं नाव तरी राहीन."

कागदावर पाळजागे, बोलण्यात पारजागे. गावात या आडनावाचं एकच घर होतं आणि गावाबाहेरही उदेभानला दुसरं कधी सापडलं नव्हतं. एकदा तिरोड्यात लग्नाच्या मंडपावर ते नाव दिसलं म्हणून तो धडपडत बसमधून उतरला होता. जवळ जाऊन पाहिलं तर कापड दुमडलेलं होतं आणि नाव भलतंच होतं.

आडनाव ऐकलं की माणूस थांबायचाच. म्हणजे काय, म्हणून विचारायचा. मग उदेभान रंगात येऊन सांगायचा. तलावाची पाळ फुटायला आली होती, तेव्हा त्याच्या आज्याचा आजा भर पावसात पाळीवर जागत बसला. पाणी झिरपताना दिसलं तसा आरडाओरडा करत गावभर धावला. गाव वाचलं, म्हणून तो पाळजाग्या. धनवंताला तिच्या सासूनं निराळंच सांगितलं होतं. बुढा पाळीवर झोपला होता, पाणी घराघरांत शिरलं आणि लोकांनी चिडवायला ते नाव ठेवलं. या गोष्टीवरून नवरा-बायकोची जुंपली की पिंटू मधे पडायचा. "जागला का झोपला, पारीवर तं होता ना!" म्हणायचा आणि तिघंही हसायची.

आज कोणी हसत नव्हतं.

"नाही," उदेभान हिमांशूला म्हणाला. "शिवणकर लाव."

धनवंता बाहेर आली. "काऊन? एकच घर उरलं आपलं. तेबी आपल्याच हातानं पुसून राहिले तुमी?"

"शिवणकर म्हटलं का मानूस 'बरं' म्हनते अन् पुढं जाते," उदेभान म्हणाला. "पारजागे म्हटलं का थांबते. हे कसं आडनाव? कोन गावचे? कोनाची पोरगी? बापाचं आडनाव अलग काऊन? मंग तिले सांगा लागंन का माहा बाप मेला. आज शाळेतल्या बाईले, उद्या मैतरनीले. रोज कायले सांगंन लहानसी पोर?"

दामिनीनं पदर डोळ्यांना लावला आणि सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, तिच्या बाबाचं तेवढंच तं हाय तिच्यापाशी."

"नाक त्याचंच हाय," उदेभान म्हणाला. "हसते बी त्याच्यावानी."

त्यानं अंगणात खेळणाऱ्या खुशीला हाक मारली. ती धावत आली. त्यानं तिला दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभं केलं.

"नाव सांग."

"खुशी पिंटू पारजागे."

"आता असं म्हन. खुशी हिमांशू शिवणकर."

हिमांशू उठला आणि गाडी पाहतो म्हणून बाहेर गेला.

"खुशी हिमांशू…" पोर अडखळली. "पारजागे."

"शिवणकर."

"काऊन आबाजी?"

"तिकडच्या शाळेत असंच सांगा लागते."

"तुमचंबी बदललं?"

"नाई बेटा. मी कोठं शाळेत जातो?"

तिला ते पटलं. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकली. उदेभाननं पुन्हा म्हणायला लावलं. मधेच तिच्या फ्रॉकची निघालेली गुंडी लावून दिली. शेवटी पोरीनं नाव एका दमात, गाण्यासारखं म्हणून दाखवलं आणि शाबासकीसाठी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

जाताना दामिनी दोघांच्या पाया पडली. धनवंतानं तिला छातीशी धरलं.

गाडी सुरू झाली. नवं नाव आलं याचाच पोरीला कोण आनंद झाला होता. खिडकीतून मान काढून ती दारादारात उभ्या असलेल्या सगळ्यांना ओरडून सांगत निघाली, "मी खुशी हिमांशू शिवणकर! मी खुशी हिमांशू शिवणकर!" बाया तिला हात हलवत होत्या. गाडी वळली, धानाच्या बांधीपलीकडे गेली, तरी आवाज येतच राहिला.

धनवंताला हल्ली लांबचं कमी ऐकू यायचं. ती नवऱ्याकडे वळली.

"नावात अडकली नाई ना कोठं?" तिनं विचारलं.

"नाई," उदेभान म्हणाला. "एकदाबी नाई."