मानाचा नारळ

नारळी पौर्णिमेचा मानाचा नारळ यंदा पेट्रोकेमिकल कारखान्याचे मोठे साहेब सोडणार होते. मंडप त्यांचा, बँजो त्यांचा, नारळावरचा सोनेरी कागदही त्यांचाच. खाडी तेवढी आम्हा कोळ्यांची, तीही नावापुरती.

माइक धरून साहेब बराच वेळ बोलले. कारखान्यातून खाडीत सुटणारं पाणी म्हणे नळाच्या पाण्याहून स्वच्छ! शेजारी आमचा सरपंच नंदीबैलासारखी मान डोलावत होता. त्याला कारखान्याचा ठेका तेवढ्याचसाठी मिळालेला.

साहेबांनी नारळ फेकला. दरवर्षी तो पाण्यातून काढायला पोरांची झुंबड उडते. यंदा एकही जागचा हलला नाही.

"अरे, मारा ना उडी! घाबरता कशाला?" साहेब हसले.

उडी मारली ती त्यांच्याच लाडक्या कुत्र्याने.

"ब्रूनो! अरे, काढा त्याला! मरेल तो त्या पाण्यात!" माइक चालूच होता. अख्ख्या गावाने ऐकलं.

काळ्या फेसाने माखलेला ब्रूनो नारळ तोंडात धरून, शेपटी हलवत धन्याकडे आला. साहेब मागे सरकले, सरपंच त्यांच्याही मागे.

"घ्या की साहेब," माझी आत्या म्हणाली, "देवाचा परसाद हाय."