हवा कुठून शिरते

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन धापा टाकत होतं. कुठल्यातरी नळीतून हवा आत शिरत होती, पण तिची बारीक शिट्टी सासूबाईंच्या थकलेल्या कानांना सापडत नव्हती.

"आई, सोड आता. भंगारवाला निघालाय," नवरा म्हणाला.

"येऊ दे. तू पोटात असताना मी ह्याच गाडीने रॅली जिंकलेय."

पेट्रोलचा वास नको म्हणून मी बाळाला घेऊन दूर उभी होते. एकदम सुचलं. आतून माझा दूध काढायचा हातपंप आणला. हाही हवाच ओढतो की!

इंजिन बंद करून सासूबाईंनी एकेक नळी काढली. एक तोंड अंगठ्याने दाबायचं, दुसऱ्याला पंप लावायचा. हाताला इतकी सफाई, की मी बघतच राहिले. नळी धड असली की पंपाचा दांडा अडायचा. एका नळीला तो सैल पडला. टोकाजवळच्या वाकणापाशी केसाएवढी चीर!

तेवढा तुकडा कापून त्यांनी नळी बसवली. इंजिन एका लयीत घुमू लागलं. बॉनेटवर तळहात ठेवून त्या हसल्या. "कर भंगारवाल्याला फोन. गाडी द्यायची नाही म्हणावं."

मग मला म्हणाल्या, "पंप उकळून देते हं."

"नको, आई. मी नवा घेते. हा गाडीतच ठेवा."