स्वतंत्र निर्णय

केनवडच्या जगदेवरावांकडे मुलगी पाहायला पाहुणे आले होते. मुलगा हरीओम, पुण्यात एआयवर संशोधन करणारा. मुलगी वैभवी, रिसोडला जनावरांची डॉक्टर.

पोह्यांपासून चहापर्यंत हरीओम आपलं कामच समजावून सांगत होता. "पहिले हे एआय पावलोपावली माणसाले इचारत बसे. हे करू का, ते करू का. आमी आता त्याले विचार कराले शिकवून राह्यलो. साऱ्या बाजू तपासाच्या, अन् कोनाच्या तोंडाकडं न पाहता सोताच निर्णय घ्याचा."

"याचं भाषन आयकाले मोठमोठे सायब येतात," त्याच्या आईनं, सोजरबाईंनी, कौतुकानं सांगितलं.

जगदेवराव भारावून गेले. असा हुशार जावई मिळतोय म्हटल्यावर त्यांना आणखी काय हवं होतं! ते लेकीला म्हणाले, "तुले काही इचाराचं असन त इचार माय. आमी कोनी मधात नाही बोलत."

वैभवीनं सरळच विचारलं, "लग्न झाल्यावरही मी माझं काम सोडनार नाही. कोनाची गाय अडली त अवेळी बी जावं लागते. तुमाले चालन का?"

हरीओमनं चष्मा काढून पुसला, परत घातला. छताकडे पाहून बराच वेळ खोल विचार केला. मग शेजारी वळून हळूच म्हणाला,

.

.

"आई, काय सांगू?"