चुळबुळ

"क्लच सोडू नकोस. अजून नको. अगं, अजून नको म्हटलं ना!"

"अहो, क्लच माझ्या पायाखाली आहे," बाई म्हणाल्या आणि गाडी हलली.

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या क्लबाची वार्षिक फेरी सुटली होती. पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्या खोकत, धूर सोडत, तेल गाळत निघाल्या होत्या. एवढी वर्षं बाईंचे यजमान, दंतवैद्य, गाडी चालवायचे आणि बाई डावीकडे बसायच्या. आता दंतवैद्यांच्या नजरेत मधोमध करडा डाग बसला होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. म्हणून आज जागांची अदलाबदल.

क्लबात जाकीटवाले म्हणून एक सभासद होते. उन्हाळ्यातही अंगात लोकरीचं जाकीट. या गाडीवर त्यांचा बरीच वर्षं डोळा. दंतवैद्यांच्या नजरेचं कळलं तेव्हा ते तोंड पाडून भेटायला आले आणि निघताना, आपल्या गॅरेजात एका गाडीपुरती जागा मोकळी आहे, असं सहज सांगून गेले. दंतवैद्यांनी हातपाय गाळले. देऊन टाकू म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फेरीला मी चालवते. धड पोचवली तर गाडी आपली. नाहीतर खुशाल द्या."

मग त्या रोज एकट्याच बंद गिरणीच्या आवारात जाऊन गिअरशी भांडल्या. गिअरनं दात खाल्ले, बाईंनीही खाल्ले. शेवटी गिअर शरण आला. चढाची, गर्दीची त्यांना आता भीती नव्हती. धास्ती होती ती डाव्या वळणांची.

या गाडीला लुकलुकणारे दिवे नव्हते. वळायचं असलं की दोन दारांमधल्या खांबातून वीतभर लांबीचा, पिवळ्या दिव्याचा एक हात टक्‌कन बाहेर यायचा. क्लबातल्या सगळ्यांचे हात कधी ना कधी अडकायचे. दंतवैद्यांच्या गाडीचा डावा हात कधीच अडकत नसे. एकदा दाताच्या चिमट्यांनी त्यांनी तो स्वतः दुरुस्त केला होता, आणि चहाच्या टेबलावर ते ती हकीकत कुणालाही न विचारता सांगत.

पहिलं डावं वळण आलं. बाईंनी स्टिअरिंगवरची खिट्टी डावीकडे फिरवली. काही झालं नाही.

"टक ऐकू नाही आलं," दंतवैद्य म्हणाले.

मागच्या बसनं भोंगा वाजवला, ब्रेक करकचले. बाईंनी ओठ घट्ट मिटून गाडी वळवली.

"अडकला! इतक्या वर्षांत नाही आणि आज अडकला!" दंतवैद्यांचा चेहरा उतरला. "शेवटी मैदानाच्या फाटकाशी क्लबाचे अध्यक्ष उभे असतील. हात न काढता वळलेली गाडी बाद. जाऊ दे, बाजूला घे. नशिबातच नाही."

"बाजूला घेणार नाही."

चढ लागला. बाईंनी क्लच दोनदा दाबून गिअर खाली आणला, इंजिन कण्हलं आणि गाडी चढू लागली. त्यांना वाईट वाटत होतं. दंतवैद्यांकडून डोळ्यांनी बरंच काही काढून घेतलं होतं. त्यात आणखी हे. पण माथा आला, पलीकडे मैदानाचं फाटक दिसलं. ते डावीकडे होतं.

"अहो, कोपर मारा."

"काय?"

"मागच्या खांबाला. डाव्या कोपरानं. खिट्टी फिरवली की लगेच."

दंतवैद्य चाचपडत मागे वळले. खांबावरचं कापड सगळीकडे खरखरीत होतं. एकाच जागी ते झिजून गुळगुळीत झालं होतं आणि आत खळगा पडला होता. त्यांची बोटं तिथंच थांबली.

"वळण आलं की तू सारखी चुळबुळ करायचीस," ते म्हणाले. "पर्स सावर, पाठ टेक. मी ओरडायचो तुझ्यावर."

"हो. ओरडायचात."

"कधीपासून?"

"तुम्ही दुरुस्त केलात तेव्हापासून."

दंतवैद्य पुढं तोंड करून बसले ते हलेचनात. फाटक जवळ आलं. अध्यक्ष हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या शेजारी जाकीटवाले होते. बाईंनी वेग कमी केला. नवऱ्याकडे पाहिलं नाही. रागावले असतील तर रागावू देत, गाडी फाटकापर्यंत तरी न्यायचीच. त्यांनी खिट्टी फिरवली.

काही झालं नाही.

मग शेजारी धप्प आवाज झाला. "आई गं!" दंतवैद्य कळवळले. आणि टक!

पिवळा हात बाहेर आला. बाईंनी गाडी अशी वळवली की अध्यक्षांनी पसंतीनं मान डोलावली. जाकीटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, पण चेहरा पडलेला होता.

गाडी उभी राहिली तसे अध्यक्ष खिडकीशी आले. "डॉक्टर, तुमचा हात काही अडकत नाही बुवा!"

दंतवैद्यांनी मान तिरकी केली, कडेच्या नजरेत बायकोचा चेहरा येईल एवढीच.

"अडकतो हो," ते म्हणाले. "पहिल्यापासून अडकतो."

अध्यक्ष काही न समजून हसले आणि पुढच्या गाडीकडे गेले. बाईंना एकदम भरून आलं. त्यांनी विनाकारण काच पुसली.

"परतताना डावी वळणं किती आहेत गं?"

"पुष्कळ आहेत."

दंतवैद्यांनी मनगटाचं बटण काढलं आणि डावी बाही नीट घड्या घालत कोपराच्या वर सारली.