सराव पूर्ण

पूर नियंत्रण कक्षात तिने एंटर दाबलं. भोंगा वाजला, पण टेबलावरच्या डबीएवढ्या स्पीकरमधून. नदीकाठच्या अकरा खांबांवरचे कर्णे गप्पच राहिले. पडद्यावर ओळ उमटली : सराव पूर्ण.

"अरे, सराव कसला!" ती पडद्यावरच खेकसली. वरचा बंधारा फुटल्याचा निरोप येऊन चार मिनिटं झाली होती. पाणी वस्तीत शिरायला एकूण पंचवीस लागणार होती.

तिने पडद्यावर कमांडची खिडकी उघडून स्वतः कमांड टाइप केली, स्थिती 'खरी' केली आणि पुन्हा एंटर दाबलं. पुन्हा डबीच वाजली. भोंग्याचा प्रोग्राम दर वेळी आपली नवी खिडकी उघडायचा आणि ती उघडताना कुठल्या तरी फाईलमधून 'सराव' वाचून घ्यायचा. तिने दिलेला हुकूम तिच्या खिडकीपुरताच होता.

तिने साहेबांना फोन लावला.

"हो, ते 'सराव' मीच घालून ठेवलंय," साहेब म्हणाले. "गेल्या महिन्यात चाचणीच्या वेळी तू 'सराव' लावायला विसरलीस, खरे कर्णे वाजले आणि अख्खी वस्ती अनवाणी पळाली. म्हटलं, कायमचंच करून टाकावं."

"कुठल्या फाईलमध्ये, साहेब? पाणी सुटलंय."

"दोन-तीन ठिकाणी घातलंय गं. एखाद्या वाटेने निसटायला नको म्हणून. थांब, आठवून सांगतो."

'सराव'ची पहिली ओळ तिला लगेच सापडली. खोडली. डबी वाजली. मग दुसरी सापडली. तीही खोडली. डबी वाजली. निरोपाला चौदा मिनिटं झाली होती. साहेब अजून आठवत होते.

तिने दुसऱ्या फोनवरून भावाला गाठलं. त्याचं घर काठावरचं पहिलं.

"दादा, वहिनीला नि पोरांना घेऊन टेकडीवर जा. आत्ताच्या आत्ता."

"परत?" तो हसला. "मागच्या वेळी तोंडाला साबण फासून पळालो होतो. अजून चिडवतात लोक."

"दादा, पाया पडते तुझ्या. पाणी खरंच येतंय."

त्याचं हसू थांबलं. तिने कान फोनला घट्ट दाबून धरला. मागे पोरांची भांडणं आणि मिक्सरची घरघर ऐकू येत होती.

"बरं बाई," तो समजूत घालत म्हणाला. "दार उघडंच ठेवतो. भोंगा वाजला की निघालोच."