हिरॉइनचा दगड

एटापल्लीच्या पुढे डांबरी रस्ता संपला तशी सुनिलने गाडी सावलीत घेतली.

"मॅडम, इथून पायी जा लागते."

मंजुषाबाई उतरल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या. एका जुन्या सिनेमाचं शूटिंग झालेल्या जागा बघत फिरायची हौस या वयात कुणाला असते, हे सुनिलला चंद्रपूरपासून उमगलं नव्हतं. हौस म्हणावी, तर बाईंच्या तोंडावर तिचा मागमूसही नव्हता.

सकाळी किल्ला झाला, दुपारी नदीचा घाट झाला. दोन्हीकडे बाईंनी एकच विचारलं, "त्यातली हिरॉइन आठवते का?" लोकांना हिरो आठवत होता, गाणी पाठ होती, हिरोचा घोडासुद्धा आठवत होता. हिरॉइन म्हटलं की डोकं खाजवायचे. घोड्यापेक्षाही बिचारीचं नशीब खोटं.

"तुमची कोन होती ते?" सुनिलने शेवटी विचारलं.

"बहीण. एका जरी माणसाला ती आठवली ना, तरी मी घरी जाऊन निवांत पडेन. पण आता ही शेवटची जागा."

गावाच्या टोकाला बुधरी नावाची म्हातारी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. केस पांढरे, हात चपळ. बाईंनी थकल्या आवाजात तोच प्रश्न विचारला.

"ते बाई?" बुधरी म्हणाली. "तिले कसं भुलन कोनी? मी तवा नवी सून होती. तू कोन तिची?"

"बहीण."

"सख्खी?"

"सख्खी."

बुधरीने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग आत जाऊन चुलीवरचा भात द्रोणात घेऊन आली. "चाल. रिकाम्या हातानं नाई जात तिथी."

वाट फुटली तिथे मंजुषाबाई न विचारता डावीकडे वळल्या. सिनेमा किती वेळा पाहिला असेल या बाईने, असं सुनिलच्या मनात आलं.

सागाखाली एक उभा दगड होता. गावातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने उभे केलेले दगड पलीकडे होते, हा वेगळा.

"सिनेमात ते मेली," बुधरी सांगू लागली. "सिनेमावाल्याइच्या सांगन्यावरून आमच्याच मानसाइनं दगड उभा केला. मंग सारे गेले निंघून. आता सिनेमातली मरो का खरी मरो, दगड उभा झाला म्हंजे त्याले जेवाले द्याच लागते. उपाशी कसं ठेवाव? पयले सासू देत होती, आता मी देतो."

"दरवर्षी?" मंजुषाबाईंनी विचारलं.

"नवा भात आला का दरवर्षी. तिच्या घरचं कोनी आलंच नाई ना."

मंजुषाबाईंना रडू आवरेना. एवढं हिंडून आठवण सापडली, तीही मेलेल्या बाईची. त्यांना बरं वाटलं आणि अंगातलं उरलंसुरलं बळही गेलं.

"मॅडम, तुमी घरच्या," सुनिल हळूच म्हणाला. "आज तुमीच ठेवा."

त्यांनी द्रोण घेतला आणि दगडापुढे वाकल्या. बुधरीने त्यांचं मनगट धरलं.

"तिथी नको ठेवू. गरम हाये तवर तूच खाय. तू सोता आली, तं दगडाले काऊन देऊ?"